ठकी कुणाची

ठकी झोपाळ्यावरून पडली नसती तर यातलं काहीच झालं नसतं, असं सासूबाई आजही म्हणतात. पडायचं तर पडली, पण नेमकी कोपरावर पडली. चार वर्षांची पोर, कोपराचं हाड सरकलेलं, आणि तिला कडेवर घेऊन इस्पितळात धावत गेलेली थोरली जाऊ. भूल द्यायच्या आधी डॉक्टरने रीतसर चौकशी केली. जन्माच्या वेळी काही त्रास झाला होता का? बाळंतपणात आईला भूल सोसली होती का? आता थोरलीला यातलं काय ठाऊक असणार. इथल्या, परक्या देशाच्या भाषेत मोडकंतोडकं बोलत ती सरळ सांगून मोकळी झाली, "ते मला नाही सांगता यायचं. बाळंत माझी जाऊ झाली होती. ती काय, आलीच मागून. तिलाच विचारा."

डॉक्टरने हातातला कागद पुन्हा वाचला. आई म्हणून तर तुमचंच नाव आहे.

"असणारच," थोरली म्हणाली. "आई मीच आहे. जन्म हिने दिला."

धाकटी तेवढ्यात दारात पोहोचली होती. कामावरचा झगा अंगात तसाच होता, डोक्याला फडकं होतं. थोरलीने हे सांगताना मान जराशी ताठ केलेली तिने पाहिली. लपवायचं काय होतं त्यात? घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ही गोष्ट कौतुकाने सांगितली जायची. डॉक्टरनेही मान डोलावली, कोपर नीट बसवलं, गुलाबी प्लास्टर घातलं, आणि मग आपलं कर्तव्य केलं. तिसऱ्या दिवशी सकाळी दोन पोलीस आणि बालकल्याण खात्याची एक बाई दारात उभी राहिली. बाईच्या हातात जाड वही होती, म्हणून घरात तिचं नाव वहीवाली पडलं. ठकीला त्याच दिवशी नेलं. प्लास्टरवर थोरल्या चुलतभावाने मांजर काढून दिलं होतं, ते अर्धंच राहिलं.

आता मुळात काय झालं होतं ते सांगायला हवं, कारण पोलिसांच्या कागदात ते वेगळंच लिहिलंय.

या घराण्यात एक रीत होती. एका जावेची ओटी भरलेली आणि दुसरीची अकरा वर्षं रिकामी, असं एका छपराखाली चालू द्यायचं नाही. भरल्या ओटीतलं एक मूल रिकाम्या ओटीत घालायचं. त्यात देणं-घेणं नाही, लिखापढी नाही. मूल जन्मलं की नाळ कापायच्या आधी सुईणीने चार माणसांत मोठ्याने आईचं नाव घ्यायचं, आणि ते नाव मूल घेणारीचं असायचं, देणारीचं नाही. पहिलं नाव जिचं पडेल ती आई. मग देणारीने जन्मभर 'माझं' म्हणायचं नाही आणि पाळण्यातलं मूल न सांगता उचलायचं नाही. खुद्द सासूबाईंचा नवराही असाच काकूच्या ओटीतून आलेला होता आणि त्याने दोन्ही आयांना खांदा दिला होता.

मुलूख सोडून ही माणसं इथे आली ती विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर घेऊन. इथलं सगळं शिकली. कचऱ्याचे तीन डबे शिकली, रांगेत हातभर अंतर ठेवून उभं राहायला शिकली, जिन्यात मोठ्याने न बोलायला शिकली. सासूबाई तर इतक्या शिकल्या की शेजारणीने काचेची बाटली चुकीच्या डब्यात टाकली तर जाऊन तिचं दार वाजवायच्या. पण इथे सुईण नव्हती आणि चार माणसंही नव्हती. प्रसूतीच्या दिवशी इस्पितळात एक खिडकी होती आणि खिडकीतून एक कागद पुढे आला. त्यात एक रकाना होता, आईचं नाव. सासूबाईंनी विचार केला, बरं, इथे नाव तोंडाने घेत नाहीत, कागदावर घेतात. त्यांनी थोरलीचं ओळखपत्र धाकटीच्या हातात दिलं.

कळा येत असलेल्या बाईने ते खिडकीत सरकवलं. कुणी काही विचारलं नाही. दोघी जावा एकाच बांध्याच्या, एकाच रंगाच्या. आणि फोटोतली बाई आणि समोरची बाई निराळी आहे हे कळण्याइतकं इथे त्यांच्या तोंडाकडे कुणी बघतच नव्हतं.

कायद्याने त्याला नाव दिलं, खोटी जन्मनोंद आणि मूल बेकायदा ताब्यात ठेवणं.

थोरलीचा नवरा ठकी दोन वर्षांची असताना गेला होता. त्यामुळे तिसऱ्या मजल्यावर थोरली, सासूबाई आणि ठकी, आणि दुसऱ्या मजल्यावर धाकटी, तिचा नवरा आणि दोन मुलगे अशी मांडणी होती. मधल्या जिन्यावर ठकीचं राज्य. काकूकडे खायचं, आईकडे झोपायचं. आता वर थोरली आणि सासूबाई दोघीच राहिल्या, आणि थोरलीला खाली यायची सोय नव्हती, कारण जामिनाची अट होती की दोघी जावांनी एकमेकींशी बोलायचं नाही. सासूबाई वयाचा विचार करून खटल्यातून वगळल्या गेल्या होत्या. हे वगळणं त्यांना फार लागलं. "ठरवलं मी आणि गुन्हेगार ह्या. मला काय मोजतच नाहीत?" असं त्या भिंतीला विचारायच्या.

दोघींची नोकरीही एकाच ठिकाणी, इस्पितळांच्या चादरी धुणाऱ्या कारखान्यात. ओल्या चादरीची दोन टोकं दोघींनी धरायची, ताणायची आणि एका दमात तापलेल्या रुळात घालायची. एकीचा हात पुढे गेला आणि दुसरीचा मागे राहिला तर चादरीला चुणी पडते, नाहीतर बोटं भाजतात. नऊ वर्षं ह्या दोघी जोडीने उभ्या होत्या. मुकादम म्हणायचा, ह्या दोघी म्हणजे एकाच बाईचे दोन हात. अट कळल्यावर त्याने थोरलीला सकाळची पाळी दिली आणि धाकटीला दुपारची. धाकटीच्या समोर नवी मुलगी आली. पहिल्याच आठवड्यात धाकटीची दोन बोटं भाजली.

वकीलबाई ह्यांच्याच लोकांतली होती, पण जन्म आणि शिक्षण इथलं. घरची भाषा ती बोलायची ती सात-आठ वर्षांच्या मुलीसारखी, 'अहो' तिला माहीतच नव्हतं. पण बाई मनाने चांगली. तिने धाकटीला समोर बसवलं आणि बोटांवर मोजून सांगितलं.

"हे बघ, दोन रस्ते आहेत. तू म्हणालीस की मी माझ्या खुशीने दिलं, तर तूही गुन्हेगार, तीही गुन्हेगार. मग ठकी तुमच्यापैकी कुणालाच मिळणार नाही. सरकार तिला दुसऱ्या घरी देईल, कायमची. दुसरा रस्ता, तुझ्यावर जबरदस्ती झाली. मग तू गुन्हेगार नाहीस, तुझ्यावर अन्याय झाला. ठकी तुला परत मिळेल."

"आणि जाऊबाईंना?"

"दोन वर्षं. मग परत पाठवतील."

"आमच्याकडे कुणी जबरदस्ती केली नाही," धाकटी म्हणाली.

वकीलबाईने पेन खाली ठेवलं. "तुला कुणी विचारलं होतं?"

साधाच प्रश्न होता. पण धाकटी घरी येईपर्यंत तोच चघळत राहिली.

आपलेच दात, आपलेच ओठ. जावेविरुद्ध तोंड उघडायचं कसं? थोरलीने तिला या घरात सांभाळून घेतलं होतं, रूळ शिकवला होता, दोन्ही मुलांची आजारपणं काढली होती. ठकीला सुरुवातीचे चाळीस दिवस दूध पाजायला थोरली खाली घेऊन यायची, आणि धाकटी पाजत असताना स्वतः भिंतीकडे तोंड करून बसायची. ते कुणी शिकवलेलं नव्हतं. चाळीस दिवसांनी दूध तोडलं. धाकटीने छातीला घट्ट फडकं बांधलं आणि कामावर गेली. पाळीच्या मध्यावर ब्लाउज भिजला. थोरलीने पाहिलं, चादर हातातली न सोडता गोल फिरून तिच्या जागेवर आली, म्हणजे मुकादमाकडे धाकटीची पाठ झाली. अशी जाऊ सात जन्मांत मिळत नाही, हे धाकटीला मान्य होतं.

पण विचारलं होतं का? सातवा महिना होता. ती ओट्यापाशी डाळ निवडत उभी होती. सासूबाई म्हणाल्या, "हे थोरलीच्या ओटीत जाईल." त्या वाक्याच्या शेवटी प्रश्न नव्हता. धाकटीने मान हलवली आणि एक खडा बाजूला काढला. तिला आठवलं, त्यानंतर तिने ती डाळ पुन्हा पहिल्यापासून निवडली होती.

चार वर्षांत जिन्यावर ठकीची पावलं वाजली की ती मोजायची. वरून खाली सतरा पायऱ्या. सतरावी वाजली की दार उघडायची, आणि "काकू" ऐकून म्हणायची, "आली का गं आईची लाडकी?" हे म्हणताना मनात काय यायचं ते तिने नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं.

खटल्याच्या दिवशी कोर्टातल्या बायकांच्या स्वच्छतागृहात धाकटी हात धूत होती. दार उघडून थोरली आली, तिच्यामागे सासूबाई. बाहेर पोलीसबाई उभी. थोरली पलीकडच्या नळापाशी गेली. तिने धाकटीकडे पाहिलं नाही. ती सासूबाईंशी बोलू लागली. लेकी बोले सुने लागे ही आपल्याकडची जुनीच युक्ती. इथल्या कायद्याला काही ती ठाऊक नव्हती.

"सासूबाई, एक सांगते. कुणाला म्हणायचं असेल की थोरलीने जबरदस्ती केली, तर म्हणावं. मला वाईट वाटणार नाही."

"ऐकतेय मी," सासूबाई म्हणाल्या.

"म्हणावं की थोरलीने धाक घातला. कार्ड हातात कोंबलं. पोर ओढून नेली. हवं ते म्हणावं. माझं काय, मी एकटी. दोन वर्षं बसेन कुठेही. पण पोर परक्याच्या घरी गेली तर तिला झोपताना पाठीवर थोपटायचं कुणाला कळणार?" तिने नळ बंद केला, पुन्हा उघडला. "डाव्या कुशीवर झोपवून थोपटायचं. उजव्यावर ती खोकते."

"ठाऊक आहे तिला," सासूबाई म्हणाल्या.

"असेल. तरी सांगितलं."

थोरलीने हात पुसले आणि गेली. धाकटीने आरशात स्वतःकडे पाहिलं. डोळे कोरडे होते. सासूबाई तिच्या पाठीवर हात ठेवून एवढंच म्हणाल्या, "एकदाच बोलायचंय खोटं. मग मी आहे देवाला उत्तर द्यायला."

साक्षीच्या पिंजऱ्यात धाकटी उभी राहिली. कानाला यंत्र होतं, त्यातून एका पुरुषाचा आवाज सगळं तिच्या भाषेत सांगत होता. वकीलबाईने तिच्याकडून तीन उत्तरं घोकून घेतली होती. मला धाक घातला. मी घाबरले होते. माझ्यापुढे इलाज नव्हता. सरकारी वकिलाने पहिला प्रश्न विचारला.

"मूल जावेला द्यायचं, हे कुणी ठरवलं?"

ती घोकलेलं बोलायला गेली. तोंडातून निघालं ते असं, "मला कुणी विचारलंच नाही."

"विचारलं असतं तर?"

वकीलबाईने मान वर केली. हा प्रश्न त्यांच्या तयारीत नव्हता.

"तर मी नाही म्हटलं असतं."

"मूल परत मिळावं असं कधी वाटलं?"

"पहिल्या दिवसापासून," धाकटी म्हणाली. "रोज वाटलं. ती जिन्यावरून खाली यायची ना, तर मला वाटायचं आज ती वर जाऊच नये. कामावर समोर त्या उभ्या असायच्या, आणि मला वाटायचं, हिच्या घरी माझी आहे."

ती थांबली नाही. कानातल्या आवाजाला तिच्याबरोबर धावताना दम लागला. चार वर्षं जे गिळलं होतं ते ती बोलत राहिली, दूध तोडल्याचं, फडक्याचं, डाळीचं. आरोपीच्या बाकावर थोरली इतका वेळ ताठ बसली होती. खोटं ऐकायची तयारी करूनच ती आली होती आणि खोट्याला ती घाबरत नव्हती. पण हे खोटं नाही हे तिला आवाजावरून कळलं. नऊ वर्षं चादरीच्या दुसऱ्या टोकाला जो हात होता तो तिला चांगला ओळखता येत होता. तिने मान खाली घातली आणि मग ती निकालापर्यंत वर केली नाही.

न्यायाधीश वयस्क होते. निकाल वाचून झाल्यावर ते चष्मा काढून थोडं बोलले. ते म्हणाले, मी बरीच वर्षं या खुर्चीत आहे. या खटल्यात दुष्ट माणूस शोधला, मला सापडला नाही. पण माझ्यासमोरच्या कायद्यात एक गुन्हेगार लागतो आणि एक पीडित लागतो. तिसऱ्या माणसासाठी त्यात जागा नाही. हे बोलून त्यांनी चष्मा पुन्हा लावला आणि दोन वर्षांच्या कागदावर सही केली. शिक्षा भोगून झाल्यावर देशाबाहेर रवानगी. मूल जन्मदात्या आईकडे, सहा महिने खात्याच्या देखरेखीखाली.

बाहेर येताना सासूबाई जिन्यावर थांबल्या. "तुला खोटं बोलायला सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "खरं कशाला बोललीस?"

सासूबाई त्या दिवसापासून दुसऱ्या मजल्यावर राहायला आल्या, कारण तिसऱ्या मजल्याची खोली सोडावी लागली. पण धाकटीने वाढलेलं ताट त्या स्वतः उचलून पुन्हा वाढून घेतात.

ठकी आली ती प्लास्टर निघालेली, केस कापलेली आणि इथल्या भाषेत फडाफडा बोलणारी. अडीच महिन्यांत आपली भाषा तिच्या तोंडात अडखळू लागली होती. पहिल्याच दिवशी ती थेट जिना चढून वर गेली. वरच्या दारावर दुसऱ्याच माणसांची पाटी होती. ती तशीच खाली आली. धाकटीने तिला डाव्या कुशीवर घेऊन थोपटलं. पोर झोपली नाही, पण डोळे मिटून पडून राहिली. थोरली तुरुंगातून फोन करू शकते, पण ठकीशी नाही. निकालात तसं लिहिलंय. धाकटीशी ती बोलू शकते. अजून तिचा फोन आलेला नाही.

वहीवाली दर बुधवारी चार वाजता येते. फ्रिज उघडते, ठकीचं अंथरूण बघते, औषधं वर ठेवली आहेत ना बघते. मग खाली बसून ठकीशी गोडीने बोलते आणि वहीत लिहिते. पहिल्या बुधवारी तिने विचारलं, "हे कोण आहे?" आणि धाकटीकडे बोट केलं. ठकी म्हणाली, "काकू." वहीवालीने ते लिहून घेतलं आणि धाकटीला समजावलं की घाई नाही, पण मुलीने वस्तुस्थिती स्वीकारणं तिच्या भल्याचं आहे, तुम्हीही मदत करा. दुसऱ्या बुधवारी तेच. तिसऱ्या बुधवारीही तेच. धाकटीने ठकीला काहीही शिकवलं नाही. रीतीतलं तेवढं एक तिने पाळलं.

सहाव्या बुधवारी ठकी आधीपासून दाराशी बसून होती. पायात बूट, केस ओले करून बसवलेले. वहीवाली आत आली, बसली, हसली आणि तिने नेहमीचा प्रश्न विचारला. हे कोण?

ठकी उठली. धाकटीपाशी आली, तिचा हात धरला आणि इथल्या भाषेत, स्वच्छ उच्चारात म्हणाली, "ही माझी आई."

ओट्यापाशी सासूबाईंच्या हातातलं भांडं थांबलं. चार वर्षं, पोटात होती तेव्हापासून धरली तर जवळजवळ पाच वर्षं, धाकटी या शब्दाची वाट बघत होती, आणि तो परक्या भाषेत का होईना, आला होता. तिने पोरीचा हात घट्ट धरला. वहीवालीने पान भरून लिहिलं, जाताना धाकटीचा खांदा थोपटला आणि सांगितलं की अहवाल फार चांगला जाईल.

दार लागलं. ठकी कान देऊन उभी राहिली. वहीवालीची पावलं जिन्यावरून खाली गेली, खालचं मोठं दार वाजलं, आणि मग तिने धाकटीचा हात सोडला. खिडकीपाशी जाऊन बाई रस्त्यावर पोचल्याची खात्री करून घेतली. मग वळून आपल्या भाषेत, शब्द जुळवत जुळवत तिने विचारलं, "काकू, बरोबर म्हटलं ना मी? आता आईला सोडतील?"

सासूबाईंनी हातातलं भांडं खाली ठेवलं. धाकटी खाली बसली आणि ठकीच्या बुटाचा बंद सोडू लागली. तो नीटच बांधलेला होता. तिने तो सोडला, पुन्हा बांधला, पुन्हा सोडला. ठकी उत्तराची वाट बघत एका पायावर उभी होती, तोल जाऊ नये म्हणून काकूच्या डोक्यावर हात ठेवून.